घर वाढवताना : वही, टेप आणि शनिवारची मजुरी

घर वाढवायचे ठरले की आपण आधी टाइल्स पाहायला जातो. खरे तर पहिल्यांदा पाहायचे असते ते आपले जुने घर कशावर उभे आहे. आमचे घर इंदूरचे, सासऱ्यांनी बांधलेले, विटांच्या भिंतींवर स्लॅब टेकवलेले. सासूबाईंची खोली वरच्या मजल्यावर. त्यांना जिना चढवेना, तेव्हा मागच्या अंगणात १० बाय १२ फुटांची खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम काढायचे ठरले. काम लहान होते, म्हणूनच आम्ही गाफील राहिलो. त्या चार महिन्यांत जे शिकले ते आपल्यापैकी ज्यांचे बांधकाम निघणार आहे त्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा अभ्यास.

आधी जमीन, मग ठेकेदार

माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. जुने घर इतक्या वर्षांत आपल्या जागी बसलेले असते, नवी खोली मात्र अजून बसायची असते. दोघांना घट्ट जोडले तर भेग जोडावरच पडते. म्हणून इंजिनियरने पाया काळी माती ओलांडून खाली मुरूम लागेपर्यंत नेला आणि जुन्या-नव्या भिंतींमध्ये सांधा सोडायला लावला. जुन्या भिंतीत दार काढायचे होते. त्या भिंतीवर स्लॅबचा भार असल्याने वर आधार दिल्याशिवाय एक वीटही हलवायची नाही, असे त्याने बजावले. इंजिनियरची फी पुष्कळांना फुकटची वाटते. मलाही वाटली होती. नकाशा आणि महापालिकेची परवानगी मात्र कोणीही ‘मागाहून बघू’ म्हणून टाळू नये. शेजाऱ्याशी बिघडते ते बहुधा तिथूनच.

आता कराराचे. मजुरीवर काम दिले तर माल आपला, नासाडीही आपली. मालासह दिले तर सिमेंट, सळई, नळ, वायर कोणत्या कंपनीची आणि कोणत्या प्रतीची, हे लिहून घ्यावे लागते. ‘चौरस फुटाला अमुक’ एवढ्यावर हात मिळवू नका. कोणते चौरस फूट? छज्जा धरायचा की नाही? सेंटरिंगचे सामान कोणाचे? मलबा कोण उचलणार? बोअरची मोटर बंद पडली तर टँकरचे पैसे कोणी द्यायचे? हे प्रश्न पहिल्या दिवशी विचारले की थोडा संकोच वाटतो. शेवटच्या दिवशी विचारले की भांडण होते.

खिडकीचा वाद

आमच्या घरात मिस्त्रीला सूचना देणारे तिघे होते. पलंगावरून कडुलिंब दिसावा म्हणून मी जाता जाता मिस्त्रीला म्हणाले, ‘खिडकी दोन फूट डावीकडे घ्या.’ दुसऱ्या दिवशी दिरांनी ती पुन्हा मध्यावर आणायला सांगितली. मग सासूबाईंनी माझी बाजू घेतली. भिंत दोनदा फुटली. महिनाअखेर ठेकेदाराने ‘एक्स्ट्रा काम’ म्हणून १८,००० रुपये लावले.

मी संतापले. करारात हे कुठे आहे, असे विचारून स्लॅबच्या टप्प्याचा हप्ताच थांबवला. कायद्याने माझे बरोबर आहे असे मला वाटत होते, आणि मन अगदी शांत होते. शनिवारी संध्याकाळी काम सुटले तरी घमेली वाहणारी बाई नळापाशी हात धूत उभीच राहिली. झाबुआकडची, लेकराला साडीच्या झोळीत घेऊन येणारी. मी विचारले तेव्हा म्हणाली, ‘दीदी, ठेकेदार म्हणतो तुम्ही पैसे दिले नाहीत, म्हणून आमचा आठवडा नाही.’

सकाळची साधना मी त्या आठवड्यात एकदाही चुकवली नव्हती.

ठेकेदाराला बोलावले. त्याच्यासमोर प्रत्येकाची आठवड्याची मजुरी मोजून दिली, ती त्याच्या हप्त्यातून वळती केल्याचे वहीत लिहिले, त्याची सही घेतली. रविवारी टेप घेऊन आम्ही दोघे भिंतीपाशी बसलो. किती विटा फुटल्या, मिस्त्रीचे दिवस किती, बिगाऱ्याचे किती, असा हिशोब केला. तो ११,००० झाला. वरचे सात हजार त्याने चढवले होते, हे थोडे कुरकुरत त्याने मान्य केले. पण ते ११,००० आमचेच होते. आमच्या तोंडी सूचनांचे.

त्या दिवसापासून दोन नियम केले. ठेकेदाराशी घरातले एकच माणूस बोलेल. बाकीच्यांनी आपले म्हणणे रात्री जेवताना मांडायचे. आणि कोणताही बदल काम करण्यापूर्वी वहीत लिहायचा : तारीख, बदल, दर, दोन सह्या. तसेच, पुढच्या कामात मजुरांची मजुरी आणि ठेकेदाराचा नफा हे दोन वेगळे आकडे म्हणून करारातच लिहून घ्यायचे. वाद नफ्यापुरता राहतो.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. आपल्यातले काही जण भलेपणाने सगळे पैसे आगाऊ देऊन टाकतात. मग ठेकेदार दुसऱ्या साइटवर जातो आणि आपण फोन लावत बसतो. यात ठेकेदाराचेही भले नाही. पैसे कामाच्या टप्प्यानेच द्या : पाया, भिंती, स्लॅब, प्लास्टर.

घाई जिथे चालत नाही

काही गोष्टी पैशाने लवकर होत नाहीत. काँक्रीट ओले ठेवावेच लागते. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय अॅश मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस. स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी साठवले की काम सोपे होते, पण सकाळ-संध्याकाळ बघायला माणूस लागतो, आणि तो घरचाच असावा. स्लॅब ओतताना मिश्रण सरसर पसरावे म्हणून मजूर एखादी बादली जास्त ओततात. त्याने काँक्रीट कमजोर होते. तिथे उभे राहून नम्रपणे नाही म्हणावे लागते.

बाथरूमची टाइल बसवण्यापूर्वी वॉटरप्रूफिंगवर पाणी भरून ४८ तास ठेवा. पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करा. आमच्याकडे पहिल्यांदा पाणी उतरले. पाइपाभोवतीची जागा नीट बुजवली नव्हती. टाइल बसल्यावर कळले असते तर सगळे उखडावे लागले असते.

उन्हाळ्यातले काम होते. मजुरांसाठी माठ आणि झोळी बांधायला सावलीची जागा एवढे आम्ही केले. त्याचे कौतुक करून घेण्यासारखे काही नाही, ते पहिल्या दिवशीच करायला हवे होते. केले तिसऱ्या आठवड्यात.

ठरलेल्या रकमेतले पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायचे, हे करारात होते. दसऱ्यानंतर ठेकेदार ते घ्यायला आला. आधी स्वतःच जुन्या-नव्या भिंतीच्या सांध्यावरून हात फिरवला, एका कोपऱ्यात ओल होती ती दाखवली, दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून बुजवली. मग पैसे घेतले, चहा घेतला. सासूबाई त्याला म्हणाल्या, खिडकीतून कडुलिंब छान दिसतो, पण शेजाऱ्यांची काळी टाकीही दिसते, ती हलवता येईल का?