आधी कंपेल, मग राजवाडा

पुण्या-डोंबिवलीकडचे पाहुणे इंदूरला येतात ते यादी घेऊनच. राजवाडा, छप्पन दुकान, रात्री सराफा, दुसऱ्या दिवशी महेश्वर-ओंकारेश्वर. यादी चांगलीच आहे. पण कुणाला एखादा दिवस जास्तीचा मिळाला, की मी त्यांना गाडीत घालून खेड्यांकडे नेते. त्या फिरण्यातून पक्क्या झालेल्या या काही गोष्टी.

१. सुरुवात कंपेलपासून करावी. पाहण्यासारखं तिथं फारसं नाही, हे पाहुण्यांना निघतानाच सांगून टाकावं. तरी जावं, कारण एके काळी परगण्याचं ठाणं कंपेलला होतं आणि इंदूर हे त्या परगण्यातलं एक गाव. अठराव्या शतकाच्या आरंभी जमीनदार राव नंदलाल मंडलोईंनी कान्हकाठी इंदूरला बस्तान हलवलं. पुढे १७६६ मध्ये, मल्हारराव होळकर गेले त्याच वर्षी, परगण्याचं ठाणंही इंदूरला आलं आणि कंपेल मागं पडलं. वीस-पंचवीस किलोमीटरांवरचं हे शांत गाव बघितल्यावर राजवाड्यासमोर उभं राहायची मजा वेगळी. इंदूर पहिल्यापासून राजधानीच होतं, हा समज तरी जातो.

२. इमारत किती जुनी, हे नंतर विचारावं. आधी विचारावं, ती इथंच का? जाम दरवाजा याचं उत्तम उदाहरण. महूकडून मंडलेश्वरला जाताना, विंध्याच्या अगदी कडेवर, अहिल्याबाईंच्या काळातली ही भक्कम दगडी वेस उभी आहे. आजूबाजूला किल्ला नाही की शहर नाही. नुसता दरवाजा, तोही रानात! पाहुणे चक्रावतात. मग त्यांना पलीकडच्या बाजूला नेऊन खाली बघायला सांगायचं. पायाशी निमाडचा सखल मुलूख पसरलेला. त्या मुलखात नर्मदा आणि नर्मदेवर महेश्वर, जिथून बाई राज्य चालवत. पाठीमागं मालव्याचं पठार. महेश्वराहून इंदूरकडे यायचं तर घाट चढायलाच हवा, आणि घाट जिथं संपतो तिथं पहारा हवाच. खाली नजर गेली की पुढचं काही सांगावं लागत नाही. पावसाळ्यात मात्र इथं ढग इतके उतरतात की दरवाजाच दिसत नाही, मग निमाड कुठून दिसणार! ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. आणि रविवार टाळावा. रविवारी सगळं इंदूर मक्याची कणसं खायला तिथंच असतं.

३. महूला दोन तास तरी द्यावेत. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला, आणि त्याच वर्षी इंग्रजांनी महूची छावणी वसवली. इंदूरच्या दरबारावर नजर राहील इतकी जवळ, आणि घाटाचा रस्ता हाताशी. छावणीत क्राइस्ट चर्च आहे, गोऱ्यांच्या वेळची दफनभूमी आहे. छावण्यांतल्या असल्या दफनभूम्यांत मी सनावळ्यांपेक्षा वयं वाचते. लढाईपेक्षा पटकीनं आणि तापानं जास्त माणसं नेली, हे कळायला पुस्तक लागत नाही. चर्च रविवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी हमखास उघडं मिळतं. प्रार्थना संपेपर्यंत मागच्या बाकावर गप बसावं, मग कुणीतरी आपणहून येऊन माहिती सांगतं. लष्करी भाग आहे, तेव्हा मोबाइल बाहेर काढण्याआधी विचारलेलं बरं.

तिथून जवळच, काली पलटण भागात, भीमजन्मभूमी. सुभेदार रामजी सकपाळ इथल्या लष्करी शाळेत नोकरीला होते, म्हणून १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेबांचा जन्म महूला झाला. छावणी नसती तर ही जन्मभूमी इथं नसती. चर्च आणि जन्मभूमी एकाच फेरीत पाहावीत ती एवढ्यासाठी.

४. पातालपाणी ते कालाकुंड हा घाट रेल्वेनं उतरावा, पण गाडी चालू आहे की नाही हे आधी विचारून. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी या मार्गासाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजानं आणि १०१ वर्षांच्या मुदतीनं! खंडवा-इंदूर गाडी १८७८ मध्ये सुरू झाली. छोट्या रुळांचा एवढा तुकडा आता पर्यटकांसाठी राखला आहे. कालाकुंडला पानाच्या द्रोणात कलाकंद मिळतो, तो दोन द्रोण घ्यावा. पातालपाणीच्या धबधब्याच्या प्रवाहात मात्र उतरू नये. वर डोंगरात पाऊस झाला की पाणी एकदम चढतं. २०११ मध्ये तिथं माणसं वाहून गेली आहेत.

५. गौतमपुरा मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावाचं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथं हिंगोट-युद्ध होतं. हिंगणबेटाची फळं पोखरून त्यात दारू ठासतात आणि गौतमपुऱ्याचे ‘तुर्रा’ व रुणजीचे ‘कलंगी’ ती एकमेकांवर पेटवून फेकतात. दरवर्षी माणसं भाजतात. मुलांना घेऊन मी जाणार नाही, कुणाला जा असंही म्हणणार नाही. एरवीच्या दिवशी गाव आणि अचलेश्वराचं देऊळ निवांत पाहता येतं.

६. रावेरखेडीसाठी जिल्हा ओलांडून खरगोनमध्ये, नर्मदेच्या दक्षिण तीरावर जावं लागतं. मराठी माणसानं इंदूरपर्यंत येऊन ते चुकवू नये. निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याकडून खरगोन-हंडियाचा मुलूख नुकताच मिळाला होता, त्याच्या व्यवस्थेसाठी थोरले बाजीराव इकडं आले आणि २८ एप्रिल १७४० ला तापानं गेले. वय चाळीसही नव्हतं. निमाडातला एप्रिल ज्यांनी सोसलाय त्यांना त्या तापाची थोडी कल्पना येईल. आपण हिवाळ्यात जावं. समाधी साधीच आहे, शनिवारवाड्याच्या मापानं बघायला गेलात तर निराश व्हाल.

सिनेमा आल्यापासून तिथं पोचल्या पोचल्या पाहुण्यांपैकी एक जण तरी विचारतोच, “आणि मस्तानीची कबर कुठंय हो इथं?”

इथं नाही, मी सांगते. ती तुमच्याकडंच, शिरूर तालुक्यात, पाबळला. गेला नाहीत अजून?