पाठ : कुत्रा चावला तर?



सुट्टी लागली की आपण गावी जातो. आजोळच्या गल्लीत कुत्री असतातच. इथे हमरिया फ्री झोनमध्येही गोदामामागे किंवा यार्डाच्या कुंपणापाशी एखादे भटके कुत्रे भेटू शकते. म्हणून हा पाठ. आईबाबांबरोबर वाचा.

चावू नये म्हणून : खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिलांजवळच्या कुत्र्याला हात लावू नका. पाळीव कुत्र्यालाही मालकाला विचारूनच हात लावा. अनोळखी कुत्रे अंगावर आले तर पळू नका, ओरडू नका. झाडासारखे उभे राहा. त्याच्याकडे रोखून पाहू नका. ते शांत झाले की हळूहळू मागे सरका. पडलात तर अंगाचे मुटकुळे करून हातांनी मान व कान झाका.

चावलेच तर : जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. नुसता ओरखडा असला तरी दाखवा. इथे रुग्णवाहिकेचा क्रमांक ९९८ आहे.

सर्वांत महत्त्वाचे : लपवू नका! आईबाबा रागावतील, इंजेक्शन टोचतील, म्हणून मुले गप्प बसतात. पण पिसाळलेल्या कुत्र्यामुळे होणाऱ्या रेबीजची लक्षणे एकदा दिसली की रोगी सहसा वाचत नाही. लक्षणे दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात. त्याआधी, शक्यतो त्याच दिवशी, लस सुरू केली तर जीव वाचतो. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या लशीने जोसेफ माइस्टर हा नऊ वर्षांचा मुलगा वाचला, तो असाच.

आजी-आजोबा पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती घालतात. भारतात ती जुनी लस २००४ नंतर बनत नाही. आता दंडात, लहानग्यांना मांडीत, ठरलेल्या दिवशी चार-पाच वेळा लस देतात. जखम खोल असेल तर जखमेतही औषध टोचतात. मात्र एकही तारीख चुकवायची नाही.

पालकांनो, 'तिकडे कशाला गेलास?' हे नंतर विचारू. आधी नळ सोडू.

स्वाध्याय
१. 'पिसाळणे', 'मुटकुळे', 'ओरखडा' हे शब्द वाक्यांत वापरा.
२. जखम किती मिनिटे धुवावी?
३. चावल्याचे का लपवू नये? आजीला पाच ओळींचे पत्र लिहून सांगा. पुढच्या तासाला आपण ती पत्रे वाचू.