बेंचवरच्या उंच माणसाचा हिशोब

मागच्या मॅचला वही माझ्याकडे होती. आपल्या राखीव सेंटरच्या नावापुढे मी लिहिलं : 8 मिनिटं, 0 पॉइंट, 1 रिबाउंड, 3 फाऊल. रात्री मेसमध्ये विषय निघालाच. पुढच्या टूर्नामेंटला बाराजणांत याची जागा कशाला अडवायची? वही माझीच, त्यामुळे काही बोलता येईना. पण पटलंही नाही. म्हणून हा लेख.

राखीव सेंटर मोजायचा कसा, हे समजून घ्यायला एक जुनं उदाहरण घेऊ. एनबीएच्या 2012-13 च्या सीझनमध्ये मायामी हीटकडे लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड, ख्रिस बॉश सगळे होते, पण बास्केटखाली टीम हलकी पडत होती. जानेवारी 2013 मध्ये त्यांनी ख्रिस अँडरसनला आधी फक्त दहा दिवसांच्या करारावर घेतलं. वय 34, अंगभर टॅटू, टोपणनाव 'बर्डमॅन'. तो मॅचला साधारण 15 मिनिटं खेळायचा. सरासरी सुमारे 5 पॉइंट, 4 रिबाउंड. आपल्या मेसने त्यालाही घरी पाठवलं असतं!

पहिला उपाय म्हणजे मिनिटांचा हिशोब. 15 मिनिटांचे आकडे 36 मिनिटांवर नेले की 12 पॉइंट आणि जवळजवळ 10 रिबाउंड होतात, म्हणजे चांगल्या सेंटरचे आकडे. पण हे त्रैराशिक फसवं आहे. राखीव खेळाडू 15 मिनिटं जीव तोडून पळतो, 36 मिनिटं तसं पळता येत नाही. शिवाय तो पुष्कळदा समोरच्या टीमच्या राखीव खेळाडूंशीच खेळतो. आणि फाऊल? 15 मिनिटांत अडीच असतील तर 36 मिनिटांत सहा, म्हणजे एनबीएतसुद्धा बाहेर. आपल्याकडे तर पाचच.

दुसरा उपाय टक्केवारी. 2013 च्या प्लेऑफ्समध्ये अँडरसनचे 80 टक्क्यांहून जास्त शॉट्स आत गेले. म्हणजे तो लेब्रॉनपेक्षा चांगला शूटर का? छे! तो रिंगजवळूनच शॉट घ्यायचा, आणि पास द्यायला लेब्रॉन आणि वेड होते. मात्र त्याचं खरं काम इथेच आहे. तो रिंगकडे धावला की एक डिफेंडर त्याच्यामागे ओढला जातो आणि कोपऱ्यातला शूटर मोकळा होतो. तो शॉट पडला तर पॉइंट शूटरच्या नावावर. अँडरसनच्या रकान्यात काहीच नाही.

हे पकडायला प्लस-मायनस वापरतात : खेळाडू कोर्टवर असताना टीमने किती केले आणि किती खाल्ले, यातला फरक. मी वही परत उघडली. आपला गडी आत आला तेव्हा आपण 4 ने मागे होतो, बाहेर गेला तेव्हा 1 ने पुढे. म्हणजे प्लस 5. मी खूश! मग आठवलं, त्या 8 मिनिटांतली 5 मिनिटं समोरचा सगळ्यात उंच खेळाडूही बेंचवर होता. झाली पंचाईत. एका मॅचच्या प्लस-मायनसवर माणूस ठेवताही येत नाही आणि काढताही येत नाही.

आणि समोर कोण आहे हेही बघावं लागतं. त्याच वर्षी फायनलला सॅन अँटोनियो स्पर्सचे थ्री-पॉइंट शूटर्स मायामीला छळायला लागले, तेव्हा कोच एरिक स्पोलस्ट्राने शूटर वाढवले आणि अँडरसनला चौथ्या-पाचव्या मॅचमध्ये उतरवलंच नाही. दोन मॅचमध्ये काही तो वाईट खेळाडू झाला नव्हता. त्या शूटर्सपुढे त्याच्या उंचीचा उपयोग कमी होता, इतकंच. सहाव्या मॅचला तो परत कोर्टवर होता. मायामीने फायनल 4-3 अशी जिंकली.

आपल्याकडे मेन सेंटरला पहिल्या हाफमध्येच तीन फाऊल लागतात, ही दर मॅचची गोष्ट आहे. तेव्हा आत जाणाऱ्याने मुळात काय करायचं असतं? समोरच्याला बॉक्स-आउट करून रिंगपासून दूर ठेवायचं, मग रिबाउंड आपल्या गार्डने घेतला तरी चालतो. स्क्रीन लावायची. आणि मेन सेंटरचे उरलेले फाऊल शेवटच्या क्वार्टरसाठी वाचवायचे. त्याने केलेल्या 3 फाऊलपैकी 2 मला आठवतात. दोन्ही वेळा सोपा लेअप अडवला होता, आणि समोरच्याने चार फ्री थ्रोंपैकी एकच घातला. चार पॉइंट जायचे तिथे एक गेला. हे मी वहीत लिहिलंच नव्हतं.

पुढच्या मॅचसाठी नवे रकाने आखले आहेत : स्क्रीन, बॉक्स-आउट, आत येतानाचा आणि जातानाचा स्कोअर, समोर कोण होतं. हे एकट्याच्याने होणारं काम नाही. कुणाला वही धरायची असेल तर मॅचच्या आधी दहा मिनिटं स्कोअररच्या टेबलामागे या, पेन माझं.