छायाचित्रातील अनपेक्षित रंगछटा : निदान व उपाय



एका चित्रप्रदर्शनासाठी पाठविलेल्या छायाचित्रात विद्यार्थिनीने रंगविलेली झेंडूची फुले मळकट व कागद निळसर दिसत होता. पाहणाऱ्यांनी मुलीच्या रंगज्ञानास दोष दिला. वास्तविक चूक प्रस्तुत लेखकाची होती. संगणकावर 'नाइट लाइट' चालू राहिल्याने पडदा पिवळसर झाला होता. तो पिवळेपणा छायाचित्रातीलच समजून मी त्यात निळा रंग वाढविला. म्हणून उपायापूर्वी निदान करावे. 'गिम्प' या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये त्याचा क्रम येणेप्रमाणे :

१. पडदा : कोरे पान उघडावे. तेही पिवळसर दिसल्यास दोष पडद्याचा होय. 'नाइट लाइट' बंद करावा. छायाचित्रास हात लावू नये.

२. सॉफ्टवेअर : संपूर्ण चित्रावर तांबडा पडदा पसरल्यासारखे दिसल्यास 'क्विक मास्क' चुकून चालू झाला असण्याचा संभव असतो. 'शिफ्ट' व 'क्यू' या कळा एकत्र दाबताच तो दूर होतो. तेच छायाचित्र अन्य सॉफ्टवेअरमध्ये निर्दोष दिसत असल्यास पडद्याचे 'कलर प्रोफाइल' तपासावे.

३. छायाचित्र : 'कलर पिकर'ने चित्रातील पांढऱ्या कागदावर टिचकी मारावी. तांबडा, हिरवा व निळा यांचे ० ते २५५ पर्यंतचे आकडे मिळतात. ते जवळजवळ समान असल्यास कागद रंगहीन समजावा. २१४, १९६, १५० असे आल्यास निळा कमी आहे. अर्थात पिवळेपणा छायाचित्रातच आहे. पडद्याच्या छटेने हे आकडे बदलत नाहीत.

कारण उघड आहे. पिवळ्या दिव्याचा प्रकाश सुमारे २७०० केल्व्हिनचा, तर मध्यान्हीच्या उन्हाचा सुमारे ५५०० केल्व्हिनचा असतो. आपली दृष्टी हा फरक सावरून घेते. कॅमेऱ्याचा अंदाज मात्र चुकू शकतो.

उपाय : मूळ छायाचित्राची प्रत राखून ठेवावी. 'कलर्स'मधील 'लेव्हल्स' उघडून तीन ड्रॉपरांपैकी मधला, करड्या रंगाचा, निवडावा व वस्तुतः पांढऱ्या किंवा करड्या भागावर टिचकी मारावी. सायंकाळच्या उन्हाची स्वाभाविक लाली मात्र दोष समजून पुसू नये.

वर्गपाठ : एकच कोरा कागद दिव्याखाली व उन्हात ठेवून विद्यार्थ्यांकडून छायाचित्रे घेववावीत आणि दोहोंचे आकडे फळ्यावर मांडून तुलना करवावी.

विद्यार्थ्याच्या चित्राचे छायाचित्र पाठविण्यापूर्वी मूळ चित्र शेजारी ठेवून अवश्य ताडून पाहावे. आपल्या निष्काळजीपणाचा दोष बालकाच्या माथी येऊ नये.