घटक ५ : चित्रकादंबरीचे चित्रपटीय माध्यमांतर – ‘वॉचमेन’

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• चित्रकादंबरी आणि चित्रपट या दोन दृश्य माध्यमांतील मूलभूत फरक स्पष्ट करता येईल.
• ‘वॉचमेन’ या चित्रकादंबरीची आणि तिच्यावरील चित्रपटाची तुलना करता येईल.
• माध्यमांतरातील ‘मूलनिष्ठा’ या संकल्पनेची चिकित्सा करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, साहित्यकृतीवरून चित्रपट तयार होतो तेव्हा शब्दाचे दृश्यात रूपांतर करावे लागते, हे तुम्हाला परिचित आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वरून आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये चित्रपट केला, तेव्हा वाचकांच्या मनातील आईला पडद्यावर एक निश्चित चेहरा आणि आवाज मिळाला. पण मूळ कलाकृतीच चित्रांची असेल तर काय होते? पात्रांचे चेहरे, वेश, रस्ते, प्रकाश हे सारे कागदावर आधीच रेखाटलेले असेल, तर दिग्दर्शकाचे काम सोपे होते की अधिक अवघड?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपण ‘वॉचमेन’ ही इंग्रजी चित्रकादंबरी आणि तिच्यावरील २००९ चा अमेरिकन चित्रपट निवडला आहे. या चित्रपटातील अनेक दृश्ये मूळ चित्रचौकटींशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. तरीही तो मूळ कृतीशी प्रामाणिक आहे का, याविषयी वाचकांत आणि समीक्षकांत मतभेद आहेत. त्या मतभेदाचे कारण शोधणे हे या घटकाचे मुख्य प्रयोजन आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ मूळ कलाकृतीचा परिचय

‘वॉचमेन’चे लेखन ॲलन मूर यांनी, चित्रांकन डेव्ह गिबन्स यांनी आणि रंगकाम जॉन हिगिन्स यांनी केले. हे तिघेही ब्रिटिश आहेत. अमेरिकेतील डीसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने ही कथा १९८६-८७ मध्ये बारा अंकांत प्रसिद्ध केली आणि पुढे ती एकत्रित ग्रंथरूपात आली. १९८८ मध्ये तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. २००५ मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाने १९२३ नंतरच्या शंभर श्रेष्ठ इंग्रजी कादंबऱ्यांची यादी केली, तीतही तिला स्थान मिळाले.

कथेचा काळ १९८५ चा आहे, पण जग थोडे निराळे आहे. अमेरिकेने व्हिएतनाम युद्ध जिंकले आहे, निक्सन अजूनही राष्ट्राध्यक्ष आहेत आणि सोव्हिएत संघाशी अणुयुद्ध कोणत्याही क्षणी पेटेल अशी स्थिती आहे. मुखवटे घालून गुन्हेगारांशी लढणाऱ्या व्यक्तींवर १९७७ च्या कायद्याने बंदी आली आहे. त्यांच्यापैकी खरी अतिमानवी शक्ती केवळ डॉ. मॅनहॅटनकडे आहे. इतर सारे वयाने उतरलेले, एकाकी किंवा हिंसेच्या आहारी गेलेले स्त्रीपुरुष आहेत. त्यांतील ‘कॉमेडियन’ या पात्राचा खून होतो आणि रोर्शाक हा मुखवटाधारी त्याचा तपास सुरू करतो, येथून कथानक उलगडते.

रक्षकांवर पहारा कोणी ठेवायचा, हा रोमन उपरोधकार जुव्हेनल याचा प्रश्न या शीर्षकामागे आहे. म्हणजेच ही महानायकांची कथा असली, तरी महानायक या कल्पनेचीच ती उलटतपासणी आहे. कायद्याबाहेर राहून न्याय करण्याचा अधिकार एखाद्याने स्वतःकडे घेतला, तर त्याचे आणि समाजाचे काय होते, हे तिला दाखवायचे आहे.

५.२.२ चित्रचौकट आणि वाचकाचा वेळ

चित्रपटात वेळेचे नियंत्रण दिग्दर्शक आणि संकलक यांच्या हाती असते. चित्रकादंबरीत ते वाचकाच्या हाती असते. एका चौकटीवर किती रेंगाळायचे, मागचे पान पुन्हा केव्हा उघडायचे, हे तो ठरवतो. दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेत काय घडले, हेही त्यालाच कल्पनेने भरून काढावे लागते.

‘वॉचमेन’ची रचना या वैशिष्ट्यावर उभी आहे. बहुतेक पानांवर नऊ समान चौकटींची मांडणी आहे. पाचव्या प्रकरणात तर पहिल्या पानाची रचना शेवटच्या पानाशी, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्याशी, अशी आरशासारखी जुळवलेली आहे. पाने मागेपुढे चाळल्याखेरीज ही सममिती जाणवत नाही.

चौथे प्रकरण याहूनही बोलके आहे. डॉ. मॅनहॅटनला भूत, वर्तमान आणि भविष्य एकाच वेळी दिसतात. मंगळावर तो हातात एक जुने छायाचित्र धरून बसला आहे आणि तेच छायाचित्र वाळूत पडलेलेही दिसते. एका पानावर निरनिराळ्या वर्षांच्या चौकटी शेजारीशेजारी असल्यामुळे वाचकालाही क्षणभर त्याच्यासारखेच काळाकडे पाहता येते. येथे पानाची मांडणीच आशय सांगते.

कथेच्या मध्ये इतर मजकूरही गुंफलेला आहे. वृत्तपत्रविक्रेत्याच्या ठेल्याशी बसून एक मुलगा चाच्यांची चित्रकथा वाचत असतो. आपले गाव वाचवण्याच्या ध्यासाने एक खलाशी स्वतःच खुनी होतो, अशी ती कथा आहे. शिवाय पहिल्या अकरा प्रकरणांच्या शेवटी आत्मचरित्रातील उतारे, कात्रणे, अहवाल असा पूरक मजकूर येतो.

आपली प्रगती तपासा – १
१. चित्रकादंबरीत वेळेचे नियंत्रण वाचकाकडे असते, म्हणजे काय?
२. चौथ्या प्रकरणात पानाची मांडणी आशयाला कशी साहाय्य करते?

५.२.३ चित्रपट : काय राखले, काय वगळले

‘वॉचमेन’वर चित्रपट काढण्याचे प्रयत्न बरीच वर्षे चालू होते. टेरी गिलियम यांच्यासारख्या दिग्दर्शकानेही तो नाद सोडला होता. अखेर झॅक स्नायडर यांचा चित्रपट मार्च २००९ मध्ये प्रदर्शित झाला. पटकथा डेव्हिड हेटर आणि ॲलेक्स त्से यांची होती. मूर यांनी श्रेयनामावलीत आपले नाव येऊ दिले नाही. गिबन्स यांनी मात्र निर्मितीला सहकार्य केले.

चित्रपटगृहांत दाखवलेली आवृत्ती १६२ मिनिटांची आहे. तीत चाच्यांची कथा नाही. ती ॲनिमेशनच्या रूपात वेगळी प्रसिद्ध झाली आणि नंतर २१५ मिनिटांच्या आवृत्तीत समाविष्ट झाली. ठेल्यावरचा विक्रेता आणि तो मुलगा चित्रपटगृहातील आवृत्तीत केवळ ओझरते दिसतात. कादंबरीत मात्र ही सामान्य माणसे अनेक प्रकरणांतून आपल्या ओळखीची होतात. महानायकांच्या निर्णयांची किंमत शेवटी त्यांनाच मोजावी लागते.

चित्रपटाच्या प्रारंभीची श्रेयनामावली विशेष लक्ष देण्याजोगी आहे. बॉब डिलन यांच्या गीताच्या पार्श्वभूमीवर १९४० च्या दशकापासूनचा मुखवटाधाऱ्यांचा इतिहास जवळजवळ स्थिर चित्रांतून पुढे सरकतो. अशी सलग चित्रमालिका कादंबरीत कोठेही नाही. तरीही पूरक मजकुरातून आणि पूर्वस्मृतींतून वाचकाला जे कळते, ते येथे काही मिनिटांत आणि नेमक्या उपरोधासह पोचते. डॉ. मॅनहॅटनच्या पूर्वायुष्याचा भागही परिणामकारक आहे. पाने शेजारीशेजारी ठेवण्याची सोय नसल्यामुळे दिग्दर्शकाने निवेदन, संकलन आणि फिलिप ग्लास यांचे संगीत यांच्या आधारे काळाची सरमिसळ साधली आहे. या दोन्ही ठिकाणी चित्रपट स्वतःच्या माध्यमाची साधने वापरतो.

५.२.४ हिंसेचे चित्रण

मूळ कृतीपासून चित्रपट सर्वांत दूर जातो तो हिंसेच्या चित्रणात. कॉमेडियनचा खून कादंबरीत सलग दाखवलेला नाही. पोलीस आपसांत बोलत असताना लाल छटेच्या तुटक चौकटींतून तो अधूनमधून डोकावतो. चित्रपट मात्र त्याचीच दीर्घ मारामारी करतो. फुटणाऱ्या काचा आणि बसणारे ठोसे मंदगतीने, डोळ्यांत भरतील असे टिपले आहेत.

दुसरे उदाहरण रोर्शाकचे. एका लहान मुलीच्या खुन्याला तो कशी शिक्षा देतो, हा प्रसंग कादंबरीत सहाव्या प्रकरणात येतो. तो त्या माणसाला घरात बेड्यांनी जखडतो, घर पेटवून देतो आणि बाहेर उभा राहून जळणाऱ्या घराकडे पाहत राहतो. आत काय घडले, हे आपल्याला दिसत नाही. दिसतो तो केवळ पाहत राहणारा मुखवटा. चित्रपटात रोर्शाक सुऱ्याने त्या माणसाच्या डोक्यावर वारंवार घाव घालतो. पहिल्या प्रसंगात माणूस आतून गोठत जाताना दिसतो, तर दुसऱ्यात तो संतापलेला दिसतो. घटना एकच, पण पात्राचा अर्थ बदलला.

वेशभूषेचाही येथे विचार करावा. कादंबरीतील नाइट आउल पोट सुटलेला, आत्मविश्वास गमावलेला मध्यमवयीन गृहस्थ आहे आणि त्याचा पोशाख काहीसा हास्यास्पद दिसतो. चित्रपटातील चिलखतासारखा पोशाख त्याला पुन्हा रुबाबदार महानायक करतो. ज्या मोहाची चिकित्सा मूळ कृती करते, त्याच मोहात चित्रपट प्रेक्षकाला ओढतो.

५.२.५ बदललेला शेवट

कादंबरीत एड्रियन व्हाइट, म्हणजेच ओझिमँडिअस, एक कृत्रिम महाकाय प्राणी निर्माण करवून तो न्यूयॉर्कमध्ये धाडतो. हे परग्रहावरील आक्रमण आहे अशा समजुतीने महासत्ता युद्ध थांबवतात. चित्रपटात अनेक महानगरांत स्फोट होतात आणि त्यांचा ठपका डॉ. मॅनहॅटनवर येतो.

या बदलाच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. कादंबरीतील प्राण्यामागे बेपत्ता कलावंत आणि शास्त्रज्ञांचे एक लांबलचक उपकथानक आहे. तो भाग वगळल्यावर प्राणी आगंतुक वाटला असता. डॉ. मॅनहॅटन मात्र कथेत आधीच आहे. शिवाय त्याच्या पृथ्वीत्यागाला नवे कारणही मिळते.

पण या सोयीची किंमतही आहे. डॉ. मॅनहॅटन हे अमेरिकेचेच सर्वांत मोठे शस्त्र होते. त्याने घातपात केला असे जगाला वाटले, तर सोव्हिएत संघ अमेरिकेशी मैत्री करील की तिलाच दोषी ठरवील? बाहेरच्या अज्ञात शत्रूच्या भीतीने एकत्र येणे ही मूळ कल्पना येथे डळमळते.

त्याहून महत्त्वाचा फरक मृत्यूच्या दर्शनाचा आहे. कादंबरीच्या बाराव्या प्रकरणाची पहिली सहा पाने नऊ चौकटींची मांडणी मोडतात. प्रत्येक पानभर एकच चित्र आहे आणि त्यात प्रेतांचा खच आहे. त्यांत ठेल्यावरचा विक्रेता आणि तो मुलगाही आहेत. चित्रपटात माणसे प्रकाशात विरून जातात. ज्या चित्रपटाने एकेका ठोशाचे रक्त दाखवले, तो लक्षावधींचा मृत्यू मात्र रक्ताविना दाखवतो.

शेवटचा संवादही असाच पाहावा. कादंबरीत आपण योग्य केले का, असे व्हाइट डॉ. मॅनहॅटनला विचारतो, आणि कशालाच शेवट नसतो अशा अर्थाचे उत्तर ऐकून तो साशंक उभा राहतो. चित्रपटात हा विचार लॉरी डॅनला सांगते. त्यामुळे ज्याला तो छळायला हवा, त्या व्हाइटपर्यंत तो पोचतच नाही.

५.२.६ मूल्यमापन

वरील विवेचनावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. चौकट जशीच्या तशी पडद्यावर आणणे म्हणजे मूलनिष्ठा नव्हे. चौकटीचा अर्थ तिच्या शेजारच्या चौकटींशी, त्यांमधील मोकळ्या जागेशी आणि वाचकाच्या गतीशी बांधलेला असतो. तेथून ती उचलली की चित्र उरते, पण संबंध तुटतो. उलट, श्रेयनामावलीसारखा पूर्णतः नवा भाग मूळ कृतीच्या दृष्टिकोनाला अधिक जवळचा ठरतो. म्हणून माध्यमांतराचा अभ्यास करताना ‘काय बदलले?’ एवढे विचारून थांबू नये. ‘बदलामुळे कृतीची भूमिका बदलली का?’ हाही प्रश्न विचारावा.

आपली प्रगती तपासा – २
१. रोर्शाकच्या प्रसंगातील बदलामुळे पात्राच्या अर्थात कोणता फरक पडतो?
२. बदललेल्या शेवटाच्या बाजूने आणि विरोधात प्रत्येकी एक मुद्दा सांगा.

५.३ सारांश

‘वॉचमेन’ ही चित्रकादंबरी महानायक या कल्पनेची चिकित्सा करते आणि त्यासाठी पानाच्या रचनेचा कौशल्याने उपयोग करते. २००९ च्या चित्रपटाने तिची दृश्ये बारकाईने जपली, पण हिंसेचे आकर्षक चित्रण, सामान्य माणसांचे संकोचलेले स्थान आणि बदललेला शेवट यांमुळे तिची चिकित्सक धार कमी झाली. जेथे चित्रपटाने स्वतःच्या साधनांवर विश्वास ठेवला, तेथे तो मूळ कृतीच्या अधिक जवळ गेला.

५.४ पारिभाषिक शब्द

चित्रकादंबरी – चित्रे आणि शब्द यांच्या संयोगातून दीर्घ कथा सांगणारा साहित्यप्रकार, ग्राफिक नॉव्हेल.
चित्रचौकट – चित्रकथेच्या पानावरील एक स्वतंत्र चित्र.
माध्यमांतर – एका माध्यमातील कृतीची दुसऱ्या माध्यमात केलेली पुनर्निर्मिती.
मूलनिष्ठा – माध्यमांतरित कृतीचे मूळ कृतीशी असलेले इमान.

५.५ स्वाध्याय

१. ‘दृश्यांचे साम्य म्हणजे मूलनिष्ठा नव्हे.’ ‘वॉचमेन’च्या आधारे या विधानाची चर्चा करा.
२. चाच्यांच्या उपकथेचा व्हाइटच्या कृत्याशी कोणता संबंध जोडता येईल, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. टिपा लिहा : (अ) नऊ चौकटींची मांडणी (आ) चित्रपटाची श्रेयनामावली
४. तुम्ही वाचलेली एक मराठी साहित्यकृती आणि तिच्यावरील चित्रपट घ्या. त्यांतील कोणताही एक प्रसंग निवडून, बदलामुळे कृतीची भूमिका बदलली का, हे ३०० शब्दांत स्पष्ट करा.