वृद्धाश्रमात क्षयरोग आढळल्यावर

क्षयरोग हवेतून पसरतो. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकला की जंतूंचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. ताट, पेला, गोधडी यांतून तो लागत नाही. तरीही रुग्ण सापडला की संस्थेत आधी वेगळे होते ते त्याचे ताट. हिवाळ्यात लावून घेतलेल्या खिडक्या तशाच राहतात.

म्हाताऱ्या माणसाला ताप जाणवेलच असे नाही. भूक मरते, वजन उतरते, अंगात त्राण राहत नाही. जालना जिल्ह्यात मंठा, घनसावंगी, अंबडकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मग भेटायला येऊन ‘किती वाळलात’ म्हणणारेही कोणी उरत नाही. ‘वय झालं, खोकला असायचाच’ या वाक्यावर महिने काढले जातात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर खोकल्याच्या बाटल्या बदलत न बसता थुंकी तपासावी. दर महिन्याला वजन करून वहीत लिहावे. या कामाला खर्च नाही, म्हणून ते टाळायला सबबही नाही.

अहवाल आला की संस्था कशी आहे ते कळते. नातेवाइकांना ‘आजच्या आज घेऊन जा’ असा फोन जातो आणि इतरांना न्यूमोनिया सांगितला जातो. हे क्रूर आहे आणि निरुपयोगीही. निदान होईपर्यंत संसर्ग बराचसा होऊन गेलेला असतो; लागू पडणारे औषध सुरू झाले की साधारण दोन आठवड्यांत रुग्णापासूनचा धोका झपाट्याने घटतो. मद्रासला १९५६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात, घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना आरोग्यधामातल्या रुग्णांच्या कुटुंबीयांपेक्षा जास्त लागण झालेली आढळली नाही. रुग्णाला हाकलले, तर शेजारच्या खाटांवरचे लोक न तपासलेलेच राहतात. रुग्णाचे गाव बदलते, नोंद दुसऱ्या केंद्राकडे वर्ग होण्यात दिवस जातात, गोळ्या तुटतात आणि औषधांना न जुमानणारा क्षय होण्याची भीती वाढते.

दडपून काही साधत नाही. रुग्णाची नोंद शासनाकडे करणे डॉक्टर, रुग्णालये व प्रयोगशाळांना २०१२ पासून बंधनकारक आहे. नोंद झाली की औषधे मोफत मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना १,००० रुपयेही मिळतात. ते बँकेत जमा होतात, म्हणून संस्थेने रुग्णाचे खाते आधी तपासून घ्यावे.

सुरुवातीचे आठवडे रुग्णाला हवेशीर स्वतंत्र खोली द्यावी, तोंडाला मास्क द्यावा, चांगले जेवण द्यावे. त्याच्या खोलीतल्या सर्वांची, तसेच स्वयंपाकी, सेवक आणि रात्रीच्या राखणदाराची तपासणी व्हावी. यादी करताना कर्मचारीच नेमके सुटतात. क्षय नसल्याची खात्री झालेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध देता येते. त्यात आठवड्यातून एकदा, असे १२ डोस घेण्याचाही पर्याय आहे. वृद्धांत यकृताकडे लक्ष ठेवावे. लागण झाल्यावर रोग उमटण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असतो, म्हणून तितका काळ ही यादी फाडू नये.