रिट्रीटनंतरचा मंगळवार

आजचं वचन : याकोब ५:१६

भावांनो, लोणावळ्याच्या मेन्स रिट्रीटमध्ये शनिवारी रात्री डोळे भरून येतात. ते खरंच असतं, मी कमी लेखत नाही. पण मोह येतो मंगळवारी रात्री, एकटं मोबाईल घेऊन बसल्यावर.

याकोब कबुली द्यायला सांगतो ती एकमेकांजवळ. म्हणजे समोरचा तुम्हाला ओळखणारा हवा आणि तोही तुमच्याजवळ मन उघडणारा.

जॉन वेस्लीने १७३८ च्या नाताळात छोट्या गटांचे नियम लिहिले, ते याच वचनावरून. आठवड्यातून एकदा भेटायचं. कुठे पडलो, कोणता मोह आला, त्यातून कसे सुटलो, हे प्रत्येकाने सांगायचं. पुढे १७४२ मध्ये ब्रिस्टलला सभागृहाचं कर्ज फेडायला दर आठवड्याला माणशी एक पेनी ठरली. साधारण बारा जणांमागे एक पुढारी. गरिबांचं कमी पडलं तर त्याने खिशातून भरायचं. वसुलीसाठी घरोघर फिरताना कोण कसं जगतंय हे त्याला दिसू लागलं, आणि वसुलीवाल्याचा मेंढपाळ झाला! व्हॉट्सॲपवर ‘आमेन’ टाकणाऱ्याला हे दिसत नाही.

म्हणून परतीची बस सुटायच्या आत तिघाचौघांनी वार आणि वेळ ठरवा. शिफ्टवाले असाल तर सकाळी साडेसहा, टपरीवर चहा घेत, तरी चालेल. आणि तिथलं बोलणं तिथेच राहील हे आधी कबूल करून घ्या. एकाची गोष्ट ‘प्रार्थनाविषय’ म्हणून मंडळीभर फिरली, की दुसऱ्या आठवड्यापासून सगळे फक्त ऑफिसच्या ताणाबद्दलच बोलतात.